ढब्बूचे अकरा किलो

तराजूकाकांचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, आणि ती गोष्ट म्हणजे वजनकाटा. माणसं खोटं बोलतात, घड्याळं मागे पडतात, वर्तमानपत्रात तर काय वाटेल ते छापून येतं. पण नीट तपासून शिक्का मारलेला काटा बापाचीसुद्धा भीड ठेवत नाही, असं ते येताजाता सांगत. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती. बाजाराच्या तोंडाशी त्यांची सायकल दिसली की भाजीवाले वजनं पुसायला लागत, आणि मटणवाला काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक हळूच काढून खिशात घाली. निवृत्तीनंतर बाजार सुटला, पण सवय थोडीच सुटते? घरात आलेला साखरेचा पुडा ते आधी तळहातावर तोलत, मग डब्यात ओतू देत. इमारतीतली पोरं त्यांना तराजूकाका म्हणत, आणि काकांना तो मानाचा किताब वाटे.

अशा माणसाच्या हाती एक कुत्रा सापडला.

कुत्रा लेकीचा. नाव ढब्बू, आणि देह नावाला जागणारा. लेकीची दुसऱ्या गावी बदली झाली, तिथली घरमालकीण कुत्र्याचं नाव काढू देईना, म्हणून ढब्बू तात्पुरता आईबापांकडे आला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तोलून सांगितलं होतं, "चोवीस किलो. फार झालं. एकवीसवर आणा. पाकिटातलं खाणं बंद करा, घरी शिजवून घाला."

लेकीने जाताना आईला बाजूला घेतलं. ते बाजूला घेणं इतकं मोठ्या आवाजात होतं की काकांना गॅलरीतही ऐकू आलं.

"आई, ढब्बूचं तू बघ. बाबांच्या हाती देऊ नकोस. ते त्याला खायला घालायचे नाहीत, नुसते मोजत बसतील. तीन महिन्यांनी मी येते. वजन नीट आलं असेल तर राहू दे त्याला इथेच. नाहीतर माझ्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवते. तिच्याकडे मोठं अंगण आहे."

काका मनात म्हणाले, न्या की! आम्ही काय त्याच्यावाचून उपाशी मरतोय? पण दोन-चार दिवसांत गंमत झाली. काका दूध आणायला खाली गेले आणि परत आले, तर ढब्बू दारात असा नाचायला लागला की जणू काका सात समुद्र ओलांडून आलेत. काका क्षणभर मागे वळून पाहू लागले, आपल्या मागून दुसरं कोणी येतंय का. कारण खात्यातल्या सगळ्या वर्षांत त्यांना येताना पाहून कोणाला आनंद झालाय, असं एकदाही घडलं नव्हतं. दुकानं बंद व्हायची, चेहरे पडायचे. इथे एक जीव त्यांना बघून शेपटीने चपलांचं कपाट बडवत होता. त्या दिवशी काकांनी ठरवलं, की ढब्बू कुठल्याही अंगणात जाणार नाही.

काकू शाळेच्या ऑफिसात नोकरीला होत्या. सकाळी त्या डबा घेऊन बाहेर पडल्या की स्वयंपाकघर मोकळंच. काकांनी ते ताब्यात घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी कोंबडीचं काळीज उकडून मिक्सरमध्ये घातलं. मिक्सरचं झाकण नीट बसलंय की नाही हे तपासायचं राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी तपासणाऱ्याला हे व्हावं, हा दैवाचा खेळ. संध्याकाळी काकू घरी आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, इथे कोणाचा खून झालाय?"

"कोणाचा नाही. प्रयोग चाललाय."

"छतावर?"

नंतर सल्लागार आले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांनी वासावरूनच निदान केलं. "लाल भोपळा घाला. पोट साफ राहतं. कुत्र्याचं काय आणि माणसाचं काय, सगळं पोटात आहे." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "भोपळा? छे! आमच्या मेव्हण्याचा कुत्रा नुसत्या अंड्यावर चौदा वर्षं जगला." "मग?" काकांनी विचारलं. "मग वारला," सेक्रेटरी म्हणाले. काकांनी कोणालाच दुखवायचं नाही म्हणून भोपळाही घातला, अंडंही घातलं, गाजर, तांदूळ, कोंबडी होतीच. मीठ नाही, कांदा नाही, तेल नाही. मंद आचेवर तासभर शिजलं की त्याला असा काही वास सुटे की ढब्बू ओट्याखाली लोळण घेई.

पण त्याला लगेच मिळत नसे. खात्याचा नियम होता: नमुना तपासल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही. आणि नमुना घ्यायचा तर वरचा, मधला आणि तळाचा, नाहीतर अहवाल लंगडा पडतो. काका एक चमचा वरून घेत, एक मधून घेत, एक तळातून खरवडून घेत, डोळे मिटून चाखत, आणि मग खात्यातल्या जुन्या आवाजात म्हणत, "पास!" त्यानंतर भांडं खाली जाई. पहिले काही दिवस ढब्बूने घाई केली आणि भांडं उलथलं. काकांनी त्याला समोर बसवून नियम समजावून सांगितला. कुत्र्याला नियम समजतो का, असा प्रश्न पडणारे लोक सरकारी नोकरीत राहिलेले नसतात.

आता एक आतली गोष्ट सांगायला हवी. काकांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी मीठ-तेल बंद केल्यापासून काकू त्यांना रात्री उकडलेला दुधी वाढत. कुत्र्याच्या पातेल्यातही मीठ-तेल नव्हतं, म्हणजे ते पथ्यातच बसत होतं. फरक एवढाच, की त्यात कोंबडी होती. तीन चमच्यांचा नमुना आठवड्याभरात वाटीवर गेला. अहवाल पक्का हवा म्हणून.

आता वजनाचं. घरी काकांचा स्वतःचा काटा होता, खात्याने निवृत्तीच्या वेळी भेट दिलेला. ढब्बू त्यावर उभा राहायला तयार होईना. चारही पाय एका वेळी एका ठिकाणी ठेवणं त्याला अपमानास्पद वाटत असावं. तेव्हा काकांनी सोपी युक्ती काढली: ढब्बूला उचलून घ्यायचं, काट्यावर उभं राहायचं, आणि एकूण आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. आपलं वजन त्यांना पाठ होतं. अडुसष्ट. नोकरीला लागताना अडुसष्ट, निवृत्तीच्या दिवशी अडुसष्ट. खात्यात त्यांचं उदाहरण देत. असा माणूस पुन्हा कशाला मोजायचा? लोखंडी वजन कोणी रोज तोलून बघतं का?

पहिल्याच रविवारी एकूण भरलं चौऱ्याण्णव. अडुसष्ट वजा केले, उरले सव्वीस. काकांच्या भुवया वर गेल्या.

"बघितलंस? डॉक्टरीणबाई चोवीस म्हणाल्या. त्यांचा काटा दोन किलो मारतो."

"असेल," काकू भाजी चिरत म्हणाल्या.

"असेल काय? आहेच. मी सेवेत असतो तर पंचनामा केला असता."

सव्वीस म्हणजे फारच. काकांनी ढब्बूचा खुराक थोडा कमी केला. पण पातेलं तर ठरलेल्या मापाचं, त्यामुळे तळाशी थोडं उरायला लागलं. अन्न टाकायचं नाही, हे त्यांच्या आईने त्यांना लहानपणी धपाटे घालून शिकवलं होतं. उरलेलं काका खात. पुढच्या वेळी एकूण आकडा आणखी वर गेला. काका चक्रावले. त्यांनी खुराक आणखी कमी केला. आणखी उरलं. आणखी खाल्लं. आकडा आणखी चढला.

"हवा पिऊन फुगतोय का हा?" काकांनी विचारलं. ढब्बू केविलवाणं तोंड करून रिकामं भांडं चाटत होता.

दरम्यान काकांचं धोब्याशी भांडण झालं. कारण त्यांचे शर्ट आटत चालले होते. एक बटण तर भर सोसायटीच्या सभेत उडालं आणि सेक्रेटरींच्या चष्म्यावर जाऊन आदळलं. काकू एकदा म्हणाल्या, "तुम्हीच सुटलाय हो." काका म्हणाले, "गॅस आहे तो." काकांनी धोबी बदलला. नवा धोबीही तसलाच निघाला.

इकडे ढब्बू भिकेला लागला. तो नर्सबाईंच्या दारात बसे, लिफ्टमध्ये शिरणाऱ्यांच्या पिशव्या हुंगे, आणि एकदा तर सेक्रेटरींच्या चिरंजीवांच्या हातातलं आइस्क्रीम त्याने कांडीसकट नेलं. मग सोसायटीची नोटीस आली. एकाच नोटिशीत दोन तक्रारी होत्या: एक, काकांच्या घरात रोज दुपारी मांस शिजतं आणि त्याचा वास जिन्यात भरतो, दोन, काका कुत्र्याला उपाशी ठेवतात. मग रोज शिजलेलं जातं कुठे, हा प्रश्न सेक्रेटरींना पडला नाही. पडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"त्याच्या बरगड्या दिसायला लागल्यात," नर्सबाई जिन्यात म्हणाल्या.

"बरगड्या दिसण्यावर जाऊ नका. एकोणतीस किलो भरलाय तो."

"कोण?"

"ढब्बू."

नर्सबाईंनी ढब्बूकडे पाहिलं, मग काकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि काही न बोलता वर गेल्या. अर्धं आयुष्य रुग्णालयात काढलेलं माणूस. कुठे गप्प बसावं हे त्यांना कळत होतं.

सेक्रेटरींनी वर आणखी एक अट घातली: कुत्र्याचा परवाना दाखवा. परवाना होता, पण लेकीच्या जुन्या पत्त्यावर. काका ढब्बूला घेऊन नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने जुनी नोंद काढली.

"वजन?"

"एकोणतीस."

कारकून खुर्चीतून उठला, खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने खाली बघितलं. ढब्बू त्याच्या डब्याच्या दिशेने नाक उंचावून बसला होता.

"हे एकोणतीस किलो?"

"किलो डोळ्यांनी दिसत नसतात हो. मोजावे लागतात."

"जुन्या परवान्यात लिहिलंय, अंगाने लठ्ठ, चोवीस किलो. तुम्ही म्हणता वजन वाढलं. आणि हा तर काटकुळा आहे. म्हणजे हा तो कुत्रा नव्हे."

"हाच तो!"

"मग लठ्ठ कुत्रा कुठे गेला? मेला असेल तर तसा दाखला आणा. हरवला असेल तर पोलिसात जा. आणि हाच असेल, तर डॉक्टरांकडून वजन लिहून आणा. इथे बघा, लोक काय काय करतात, मला सगळं माहीत आहे."

काकांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्यावर कोणी मालात फेरफार केल्याचा आरोप केला नव्हता. घरी येईपर्यंत त्यांचे कान तापले होते. आणि घरात पाय टाकतात तो समोर लेक. ठरल्यापेक्षा आधीच आली होती.

ढब्बू तिच्या अंगावर झेपावला. तिने त्याला कुरवाळायला हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवता तिचा चेहरा उतरला.

"बाबा, याचं काय केलंत?"

"चला डॉक्टरांकडे," काका म्हणाले. "आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू." शाळेतून नुकत्याच परतलेल्या काकूही बरोबर निघाल्या.

दवाखान्यात एक आजी पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एक गृहस्थ टोपलीतल्या मांजरीची समजूत काढत होते. डॉक्टरीणबाईंचा काटा जमिनीलगत होता, मोठ्या पाटासारखा. ढब्बूला त्यावर उभं केलं. उभं राहायला नकार देण्याइतकी ताकद त्याच्यात आता उरली नव्हती.

"अठरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो काका, मी एकवीस सांगितले होते. तुम्ही याला खायला घालता की नाही?"

"काटा खोटा आहे," काका शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून खोटा आहे. आधी दोन किलो मारत होता, आता अकरा मारतो."

"बाबा!"

"थांब. हा माझा विषय आहे." आणि त्यांनी फोन लावला.

अर्ध्या तासात छटाक आला. छटाक म्हणजे काकांच्या हाताखाली तयार झालेला निरीक्षक; अंगाने किरकोळ म्हणून काकांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. आता तो साहेब झाला होता, पण काकांनी बोलावल्यावर प्रमाण वजनांची पेटी घेऊन धावत आला. त्याने एक-एक वजन काट्यावर ठेवलं, पाहिलं, उतरवलं. सगळा दवाखाना श्वास रोखून बघत होता.

"साहेब," छटाक म्हणाला, "काटा चोख आहे."

"शक्य नाही. हे बघ." काकांनी ढब्बूला उचललं, छातीशी धरलं आणि काट्यावर चढले. "किती?"

"सत्त्याण्णव."

"घरीही सत्त्याण्णव! वजा अडुसष्ट, एकोणतीस. आता बोला!"

छटाकने काकांकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर अवघडलेपण होतं.

"साहेब, एक विनंती. कुत्रं खाली ठेवा."

"कशाला?"

"तुम्हीच शिकवलंय, साहेब. माल तोलायच्या आधी रिकामं भांडं तोलायचं."

काकांनी ढब्बूला खाली ठेवलं. स्वतः उभे राहिले. छटाक वाकून आकडा वाचू लागला, मग त्याने पुन्हा वाचला, आणि सवयीने त्याच्या तोंडून खात्याचाच आवाज निघाला.

"एकोणऐंशी. अकरा किलो माल सापडला, साहेब."

पोपटवाल्या आजी आधी हसल्या. मग मांजरवाले गृहस्थ. मग डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. काकू म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, धोबी शर्ट आटवत नाहीत." काका काट्यावरून उतरायचं विसरून तिथेच उभे होते.

एक लेक तेवढी हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तो उपाशी होता हो."

खोटं माप पकडलं की काका दुकानदाराला सांगत, तुझ्या पोटापायी दुसऱ्याच्या पोटावर पाय देतोस. तेच वाक्य आता त्यांच्या कानात वाजत होतं, आणि ते त्यांना खरोखर लागलं. घरी आल्यावर काका म्हणाले, "घेऊन जा त्याला. मोठं अंगण आहे ना तिथे. बरं होईल." आणि आतल्या खोलीत जाऊन नव्या धोब्याने इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला.

लेकीने ढब्बूची गादी गुंडाळली. साखळी खुंटीवरून काढली. निघण्याआधी त्याला पोटभर घालायचं ठरलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाने. काकांनी पातेलं चढवलं. या वेळी काकू ओट्याशी उभ्या होत्या, पहाऱ्यावर.

"चमचा तोंडाकडे न्यायचा नाही," त्यांनी सांगितलं.

"नाही नेत."

भांडं काठोकाठ भरलं. काकांनी ते ढब्बूपुढे ठेवलं आणि मागे सरले.

ढब्बू बसला. तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते, पण तो बसूनच राहिला. एकदा भांड्याकडे बघे, एकदा काकांकडे.

"खा ना रे," लेक म्हणाली. "आजारी आहे का हा? आई, हा खात का नाहीये?"

काकूंच्या लक्षात आलं. "त्यांनी चाखलं नाही ना."

"म्हणजे?"

"आधी हे चाखतात. मग 'पास' म्हणतात. त्याशिवाय तो तोंड लावत नाही."

"हा? भांडं जमिनीला टेकायच्या आत रिकामं करणारा हा? मी दोन वर्षं घसा फोडला, थांब म्हणून..." लेक ढब्बूकडे बघत राहिली. "मग म्हणा ना बाबा, 'पास'."

काका कसनुसे झाले. "न तपासलेल्या मालाला पास कसं म्हणू?"

ढब्बू अगदी बारीक आवाजात कुंईकुंई करायला लागला, पण हलला नाही. शेवटी काकूंनी कपाट उघडलं आणि औषधाचा प्लास्टिकचा चमचा काढून काकांच्या हातात दिला. "एकच. तोही वरचा."

काकांनी तो इवलासा चमचा भांड्यात बुडवला, अर्धाच भरला, आणि तोंडात घातला. नेहमीसारखे त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते. दोनदा खाकरावं लागलं.

"पास," काका म्हणाले.

ढब्बूने भांड्यात तोंड घातलं. स्वयंपाकघरात फक्त चपचप ऐकू येत होती. लेकीच्या हातात साखळी होती. मग ती दारापाशी गेली आणि तिने साखळी परत खुंटीला अडकवली.

"एकवीसवर आला पाहिजे हं," ती पाठमोरीच म्हणाली. "आणि तुम्ही अडुसष्टवर. दोघं रोज फिरायला जायचं. आणि यापुढे वजन आई करणार."

"तिला कुठे काटा वाचता येतो?" काका नाक ओढत म्हणाले.

काकू तोवर आतून काटा घेऊनही आल्या होत्या. त्यांनी तो फरशीवर ठेवला आणि पदर खोचला.

"या," त्या म्हणाल्या. "आधी रिकामं भांडं."